गोठलेल्या पाण्याची तयारी

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या कोअर शॉपला
मी एकोणीस वर्षं आहे.
म्हणजे वाळूच्या पोकळ्या घडवते.
पंपाच्या पोटातून जिथून पाणी जाणार
ती जागा आधी माझ्या हातात असते.
पलीकडे भट्टी, चौदाशे अंश.
आमच्यात कुणी गोठण्याबद्दल बोललं
तर ते लोखंडाच्याच.

खरं, दिवाळीच्या बोनसादिवशी शिवलीलानं
मोबाइल पुढं धरला.
पांढरं तळं. त्यावर उभी एक बाई,
माझ्याच वयाची, गुडघे बरे असतील इतकंच.
"होगूण काय?" म्हणाली.
नको म्हणायला मी तोंड उघडलं
आणि विचारलं, "रजा किती दिवसांची?"

सुभेदार भरमू उचगावकर
निवृत्तीनंतर मच्छेत पिठाची गिरण चालवतात.
सियाचीनचं विचारलं
की पट्टा चढवून गिरण सुरू करतात.
त्यांनी सांडलेल्या पिठात बोटानं रस्ता काढला:
गोवा एक्सप्रेस, दिल्ली, काठगोदाम,
दिवसभर जीप, लोहाजंग,
मग चालायचं. बेकलताल. ब्रह्मताल.
"नवख्यांचा आहे, सोपा," म्हणाले.
"सोपा म्हणजे मरत नाही. दमतंय माणूस."
आणि एका फुंकरीत सगळा हिमालय उडवला.

तेव्हापासून दर रविवारी राजहंसगड.
पाठीवर पोराचं दहावीचं दप्तर,
त्यात चार किलो मोल्डिंगची वाळू.
येळ्ळूरची पोरं विचारतात,
"मावशी, काय विकूलैस?"

कपड्यांचे तीन थर घालायचे, एक जाड नको,
मधली हवाच ऊब धरते.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
खडेबाजारात लोकरी मोजे मागितले.
"बाळंतिणीला?" दुकानदार म्हणाला.
होय म्हटलं. दोन जोड.

मासळी बाजारामागच्या बर्फाच्या कारखान्यात
शिवलीलाचा भाऊ इराण्णा आहे.
त्यानं आम्हाला लाद्यांवर उभं केलं.
हातमोजे घालून बुटाची नाडी सोडायची, पुन्हा बांधायची.
तिनं चार मिनिटांत बांधली.
मी रडकुंडीला आले.
पायाखालच्या लादीत मधोमध
एक पांढरी रेघ कोंडलेली.
लादी चारी बाजूंनी गोठते, इराण्णा म्हणाला,
हवेला जायला वाट राहत नाही.
तळं वरून गोठतं.
खाली मासे जागे असतात.

लोखंड गोठताना आकसतं,
म्हणून आम्ही पॅटर्न थोडा मोठा धरतो.
पाणी गोठताना वाढतं.
हे कळल्यापासून माझी झोप उडाली आहे.

घरी शेवटी सांगितलं. नवरा जेवत होता.
"तळं बघून काय करणार?"
"बघणार नाही. उभी राहणार त्यावर."
त्यानं आमटी मागितली.
दुसऱ्या दिवशी टॉर्चचे सेल आणून ठेवले,
चुकीच्या मापाचे.

रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे,
त्यावर पंपांची ऑर्डर,
ऑर्डरवर त्यांचा चहाचा कप.
मी रोज दारातून तो कप बघते.

काल रात्री वडगावात फार थंडी पडली.
मी परातीत पाणी घालून गच्चीवर ठेवलं.
काय होणार नाही ते माहीत होतं.
पहाटे शिफ्टच्या आधी वर गेले.
पाण्यात चिंचेचं एक पान,
आणि कानटोपी घातलेलं माझं तोंड.
सुभेदारांनी शिकवलंय तसं बोटानं ठोकलं,
आधी काठावर, मग मधे,
आवाज ऐकायचा, मगच पाऊल.

बोट बुडलं.
सातचा भोंगा होईपर्यंत
मी तशीच कान देऊन बसले.